जुन्या मोटारीचे निदान : प्रीमियर पद्मिनी आणि मुंबईतील दुरुस्तीविद्येचा इतिहास

बीजसंज्ञा : प्रीमियर ऑटोमोबाइल्स, पद्मिनी, मिस्त्री, दुरुस्ती, परवानाराज, टॅक्सी, तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील मोटार उद्योगाचा इतिहास आजवर प्रामुख्याने परवाने, आयातनिर्बंध, उद्योगपती आणि मंत्रालये यांच्या अंगाने लिहिला गेला. कारखान्यातून गाडी बाहेर पडली की इतिहासकाराचे तिच्याकडील लक्ष संपते. वस्तुतः त्या गाडीचे खरे आयुष्य तेथून पुढे सुरू होत असे आणि ते अनेकदा तीस-पस्तीस वर्षे चालत असे. ही वर्षे कारखान्याने नव्हे, तर रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या मिस्त्रीने तिला मिळवून दिलेली असत. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रकाशित झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात नव्या शोधांपेक्षा वापर आणि देखभाल यांचा इतिहास लिहिण्याचा आग्रह धरला. मराठीत या दिशेने फारसे काम झालेले नाही. प्रस्तुत लेखात प्रीमियर पद्मिनी या गाडीच्या आधारे दोन गोष्टी तपासावयाच्या आहेत : जुन्या गाडीतील बिघाड ओळखण्याची आणि दूर करण्याची एक स्वतंत्र विद्या मुंबईत कशी घडली, आणि कायद्याने ‘जुनी गाडी’ या शब्दाचा अर्थ बदलल्यानंतर त्या विद्येचे काय झाले.

जन्मतःच जुनी असलेली गाडी

सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी त्या क्रायस्लर कंपनीच्या होत्या. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य जुळले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने असा दंडक सुचविला की, ज्या कंपन्यांकडे देशात सुटे भाग निर्माण करण्याचा कार्यक्रम असेल त्यांनाच या व्यवसायात राहता यावे. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी त्यानंतर येथील गाशा गुंडाळला. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा कारखाना अशा रीतीने मोटारींच्या इतिहासातून बाहेर गेला आणि मैदानात मोजक्याच कंपन्या उरल्या.

१९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ ही आवृत्ती आली, १९७२ मध्ये ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नावे बदलली, तरी गाडी मूलतः तीच राहिली. इटलीत १९६२ मध्ये आलेला हा नमुना तेथे त्याच दशकात मागे पडला; मुंबईत मात्र तो २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिला. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन तर त्याहून जुने. त्याची वंशावळ १९३७ च्या फियाट ५०८ सी या गाडीपर्यंत मागे जाते. म्हणजेच १९९५ मध्ये नवी कोरी पद्मिनी घेणारा ग्राहक अभियांत्रिकीच्या दृष्टीने सुमारे साठ वर्षांपूर्वीची कल्पना विकत घेत होता.

या वस्तुस्थितीची थट्टा पुष्कळ झाली आहे आणि ती अनाठायी नाही. मात्र तिची दुसरी बाजू क्वचितच नोंदविली जाते. चार दशके गाडी फारशी न बदलल्यामुळे तिच्याविषयीचे ज्ञान साठत गेले. १९६५ मध्ये हेल्पर म्हणून लागलेला मुलगा १९९५ मध्ये उस्ताद झाला तेव्हा त्याच्यापुढे बॉनेट उघडून असलेले इंजिन जवळजवळ तेच होते. कोणत्याही कारागिरीला परंपरा व्हायला लागते ती स्थिरता येथे परवानाराजाने, अनवधानाने का होईना, पुरविली. बाजारात पर्याय नव्हते आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागत असे. त्यामुळे आहे ती गाडी टिकविणे हे मध्यमवर्गीय मालकाला आणि टॅक्सीचालकाला सारखेच भाग होते.

मिस्त्री आणि त्याची परिभाषा

केंद्र सरकारने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जाऊ लागला. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदाही आला. तथापि रस्त्यावरील गॅरेजमधील बहुसंख्य मिस्त्री या वाटेने आलेले नव्हते. गावाकडचा नातेवाईक, ओळखीचा टॅक्सीवाला किंवा आळीतील गॅरेज यांच्यामार्फत दहा-बारा वर्षांचे पोर कामाला लागे. बालमजुरी या दृष्टीने ही व्यवस्था निःसंशय निंद्य होती, आणि तिच्यावर गुरुकुलाची झालर चढविण्याचे कारण नाही. पोराला आधी भाग धुवायला मिळत, मग पाने हाती द्यायला. ‘दहा-अकरा’, ‘बारा-तेरा’ ही पान्यांची नावे त्याचे पहिले पाठ होत.

या पान्यांमागेही एक इतिहास आहे. फियाट ही मेट्रिक मापांची गाडी, तर उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर ब्रिटिश वंशाची आणि इंचांच्या मापांची. १९५६ च्या वजने व मापे कायद्याने देशाने दशमान पद्धती स्वीकारली, तरी गॅरेजमध्ये दोन्ही संच नांदत राहिले आणि ‘फियाटचा मिस्त्री’ व ‘अँबॅसडरचा मिस्त्री’ असा भेद रूढ झाला. मुंबईत टॅक्सी म्हणून फियाटच अधिक असल्याने येथील विद्या मुख्यतः मेट्रिक पान्यांची राहिली.

कंपनीची कार्यपुस्तिका इंग्रजीत असे. मिस्त्रीची परिभाषा तिच्यातील शब्द घेई, पण त्यांचा अर्थ स्वतः घडवी. गाडी ‘मिसिंग करते’, ‘पिकअप घेत नाही’, ‘ऑइल खाते’, ‘गरम होते’, ‘एका बाजूला ओढते’ ही वर्णने मालक आणि मिस्त्री यांच्यातील सामाईक भाषा होती. वैद्याकडे रोगी जसे लक्षण सांगतो, रोगाचे नाव सांगत नाही, तसाच हा व्यवहार.

लक्षणांकडून कारणाकडे

या निदानपद्धतीचा गाभा वजाबाकीचा होता. इंजिन सुरू होत नसेल तर पहिला प्रश्न एकच : करंट येतो की नाही? प्लगची तार काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूजवळ धरले जाई. निळसर, टणक ठिणगी पडली तर विद्युतयंत्रणा निर्दोष आणि दोष पेट्रोलच्या बाजूला. ठिणगी पिवळी, दुबळी किंवा नसलीच तर डिस्ट्रिब्यूटर उघडावयाचा. तेथे बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट पॉइंट जळलेले असत. त्यांच्यातील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवावे लागते. त्यासाठी फीलर गेज हे मोजपट्टीवजा साधन असते. पण अनेक गॅरेजांत काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा तेच काम करी. पॉइंट पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसविले जात. मात्र ते वारंवार लवकर जळू लागले तर जाणता मिस्त्री पॉइंट बदलत बसत नसे. तो कंडेन्सर बदले. घासणारा आणि कारण शोधणारा यांतील फरक येथे कळून येई.

‘मिसिंग’ या तक्रारीची चाचणी त्याहून मार्मिक होती. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची तार क्रमाने काढावयाची. तार काढताच इंजिन अडखळले तर तो सिलिंडर काम करीत होता. ज्या तारेने काहीच फरक पडला नाही तो सिलिंडर आधीच मेलेला. तेथील प्लग दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहायचा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग वाईट, जागच्या जागी राहिला तर आजार आत आहे. शेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी गेले असतील तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटल्याचा संशय बळावे. आतला आजार पिस्टन रिंगचा की वाल्वचा, हे ठरविण्यासाठी प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडले जाई. ऑइलमुळे दाब तात्पुरता वाढला तर रिंग झिजल्या आहेत, कारण ऑइलने त्यांची फट भरून काढली. नाही वाढला तर दोष वाल्वचा. या सर्व कृती कार्यशाळेच्या पाठ्यपुस्तकातही आढळतात. गॅरेजमध्ये त्या पुस्तकावाचून पोहोचल्या होत्या आणि एखाद्या तर्कशास्त्राच्या अध्यापकानेही दाद द्यावी इतक्या काटेकोर होत्या.

धूर हे दुसरे मोठे साधन. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी; चोक अडकला आहे काय, कार्बोरेटरमधील सुईवाल्व गळतो काय, एअर फिल्टर तुंबला काय, हे पाहावयाचे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण ते कोठून येते, हे सांगायला बोरघाट उपयोगी पडे. घाट चढताना सतत निळा धूर निघाला तर रिंगांचे काम निघाले. उतारावर पाय सोडून गाडी आणली आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धुराचा एकच लोट निघाला, तर ऑइल वाल्वच्या गाइडमधून खाली येत आहे. पहिल्या प्रकारात इंजिन उतरवून रीबोअर करण्याचा खर्च, दुसऱ्यात केवळ हेड उघडण्याचा. मालकाच्या दृष्टीने हा फरक कित्येक महिन्यांच्या मिळकतीचा असे, म्हणून निदानातील प्रामाणिकपणाला मोठे मोल होते. तो सर्वत्र होता, असे अर्थातच म्हणता येणार नाही. ‘इंजिन काम निघाले’ हे वाक्य अनेकदा मिस्त्रीच्या गरजेतूनही निघत असे.

आवाजाने निदान करण्याची किमया पुष्कळदा गूढ करून सांगितली जाते. तिच्यात गूढ काही नाही. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावली की तो स्टेथोस्कोप होतो. टॅपेटची टकटक वरच्या बाजूला आणि हलकी, बेअरिंगचा ठोका खाली आणि जड. शेकडो गाड्या ऐकलेला कान हा भेद क्षणात करी. नवशिक्याला तो पेचकस जागोजाग फिरवून करावा लागे.

उष्णता : एका उपायाची चिकित्सा

मुंबईच्या पद्मिनीचा सर्वात प्रसिद्ध आजार म्हणजे तापणे. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण होण्याच्या आधीच्या काळात खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य होते. यांत दोन भिन्न आजार मिसळले जात. पहिला पेट्रोलचा. या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक असून इंजिनालाच जोडलेला. रहदारीत इंजिन तापले की पंपातील व नळीतील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. गाडी बंद पडते. यावर ओले फडके पंपावर गुंडाळण्याचा उपाय सर्वश्रुत होता. बाष्पीभवनाने थंडावा निर्माण करणारा हा माठाचाच न्याय होय, आणि तो शास्त्रशुद्ध आहे.

दुसरा आजार पाण्याचा. येथे तपासणीचा क्रम ठरलेला असे : पाणी पुरेसे आहे काय, पंख्याचा पट्टा सैल आहे काय, नळी फुगली आहे काय, रेडिएटर क्षारांनी तुंबला आहे काय. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजत. ठिणगी उशिरा पडत असली, म्हणजे टायमिंग मागे गेले असले, तरी इंजिन तापते. अननुभवी मिस्त्री हे कारण विसरे आणि रेडिएटर सोलून बसे. शेवटचा संशय हेड गॅस्केटचा. रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइलच्या पट्टीवर दुधाळ थर आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर या तीन खुणा एकत्र दिसल्या की हेड उघडण्यावाचून गत्यंतर नसे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्याने तापलेले हेड वाकत असे. ते लेथवाल्याकडे सपाट करून घेतल्याशिवाय नवे गॅस्केट टिकत नसे.

याच संदर्भात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा विचारात घ्यावी लागते. इंजिन योग्य तापमानाला येईपर्यंत पाणी अडवून धरणारा हा छोटा वाल्व जुना झाला की बंद अवस्थेत अडकतो आणि गाडी तापते. भारतातील मिस्त्रींनी तो सरसकट काढून फेकण्याचा मार्ग स्वीकारला. ‘आपल्याकडे थंडी कुठे आहे?’ हा त्यामागचा युक्तिवाद. बाह्यतः तो पटण्याजोगा असला तरी चुकीचा आहे. थर्मोस्टॅटविना इंजिन अपेक्षित तापमानाला फार उशिरा पोहोचते, तोवर मिश्रण दाट लागते, पेट्रोल अधिक जळते, काजळी साचते आणि सिलिंडर लवकर झिजतो. म्हणजे आजचे तापणे टाळण्यासाठी उद्याचे रीबोअर ओढवून घेतले जाई. लोकविद्येच्या गौरवाच्या भरात अभ्यासक अशा उदाहरणांकडे डोळेझाक करतात. वास्तविक मिस्त्रीची चूकही तितकीच अभ्यसनीय आहे, कारण तिच्यामागे तुटवडा होता. भरवशाचा थर्मोस्टॅट बाजारात मिळेलच याची खात्री नव्हती. अडकू शकणारा भाग बाळगण्यापेक्षा तो नसलेला बरा, हा हिशेब त्या परिस्थितीत अगदीच अविचारी नव्हता.

पावसाळ्याचे आजार वेगळेच. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरली की करंट वाट चुके. कोरड्या फडक्याने टोपी पुसणे हा जून ते सप्टेंबरचा नित्यक्रम. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक लागत नसत. हलका ब्रेक दाबून गाडी काही अंतर चालवीत ते कोरडे करावे लागत. खाऱ्या हवेने तळाचा पत्रा मात्र कोणत्याही उपायाला न जुमानता सडे. इंजिन पुन्हा पुन्हा उभे करता येई, पत्रा नाही. मुंबईची फियाट बहुधा खालून मरत असे.

सुटे भाग

मुंबईत ऑपेरा हाऊस परिसर आणि कुर्ल्याचा भंगारबाजार, पुण्यात नाना पेठ ही या विद्येची भांडारे होती. ‘कंपनीचा’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ या भागांच्या प्रतवारीत किमतीचा मोठा फरक असे. मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला अस्सल भाग नव्या डुप्लिकेट भागापेक्षा श्रेष्ठ मानला जाई. अशा रीतीने एक पद्मिनी दुसरीत जगत राहिली.

तीन टक्क्यांचे बंधन

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली, तरी टॅक्सीच्या व्यवसायात पद्मिनीचे स्थान लगेच ढळले नाही. मिस्त्रीच्या अधिकाराला पहिला धक्का यंत्राने नव्हे, नियमाने दिला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ अन्वये उभ्या, चालू स्थितीतील चारचाकी पेट्रोल वाहनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ३ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये असे ठरले. तोपर्यंत कार्बोरेटरचा स्क्रू कानाने लावला जाई : इंजिन सर्वात गुळगुळीत चालेल तेथे थांबावयाचे. आता त्या कानावर एका यंत्राचा आकडा येऊन बसला. गुळगुळीत चालणारे दाट मिश्रण आकड्यात नापास होई. तपासणीपुरता स्क्रू आवळून प्रमाणपत्र घ्यायचे आणि बाहेर येऊन पूर्ववत करायचे, हा यावरचा सर्रास तोडगा झाला.

इंधनही बदलले. शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये महानगरांत आले आणि २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. शिशामुळे जुन्या इंजिनांतील वाल्वच्या बैठकीवर संरक्षक थर राहत असे. तो नाहीसा झाल्यावर बैठक झिजण्याची शक्यता वाढली. त्याच सुमारास मुंबईच्या प्रदूषणासंबंधी ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरम’च्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि पुढे जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्येच स्थापन झाली होती. वायूवर चालणाऱ्या इंजिनाला अधिक जोमदार ठिणगी लागते, आणि पेट्रोलचा ओलावा नसल्याने वाल्वची बैठक अधिक कोरडी पडते. टॅपेट वरचेवर तपासावे लागू लागले. मिस्त्रींनी हेही आत्मसात केले. १९३७ च्या आराखड्याचे इंजिन एकविसाव्या शतकातील वायुइंधनावर चालविणे ही त्यांची कदाचित सर्वात मोठी आणि सर्वात दुर्लक्षित कामगिरी होय. शहराची हवा सुधारणे आवश्यक होते यात वाद नाही. त्या सुधारणेचे श्रेय वाटताना गॅरेजचे नाव कोठेच आले नाही, एवढेच नोंदवावयाचे.

वय ठरविणारा कायदा

२००८ मध्ये मुंबईतील टॅक्सींसाठी २५ वर्षांची वयोमर्यादा घालण्यात आली आणि २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली गेली. मिस्त्रीच्या लेखी गाडीचे वय हे तिच्या दाबात, धुरात आणि पत्र्यात असे. नोंदणीच्या तारखेत नसे. नव्या नियमाने निदानाची गरजच संपविली. गाडी सुस्थितीत आहे की नाही हा प्रश्न उरला नाही, ती कोणत्या दिवशी नोंदविली गेली एवढाच उरला. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदविली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून धावण्यास अपात्र ठरली. त्याआधीच कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी राहिली होती.

खासगी पद्मिनीला हा नियम लागू नाही. पंधरा वर्षांनंतर तिची नोंदणी नूतनीकृत करता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्याखेरीज जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र नोंदणीवर्ग निर्माण केला असून, अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या वयात पोहोचली. तिच्यापैकी ज्या गाड्या शोभेसाठी झाकून ठेवल्या गेल्या, त्या या अटीत सहज बसतात. ज्या पन्नास वर्षे रस्त्यावर चालल्या, ज्यांच्यात दुसऱ्या गाडीचे इंजिन आले, तळाचा पत्रा कापून नवा जोडला गेला, वायूचे नळकांडे बसले, त्यांच्या बाबतीत ‘मूळ स्वरूप’ कशाला म्हणावयाचे, हे परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर ठरते. आणि तेथे त्या गाडीबरोबर तिच्या मिस्त्रीला बोलावण्याची तरतूद नियमांत नाही.